बिननंबरचं खापर

सरवदे सरांवर माझा अजून राग आहे. माणूस विद्वान होता, सरळ होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावून येणारा होता, सगळं मान्य. म्युनिकच्या मराठी मंडळात आजही त्यांचा विषय निघाला की कुणीतरी मान हलवत म्हणतं, "असा सच्चा माणूस आता व्हायचा नाही." त्या वेळी मी उठून चहा टाकायला जाते. माझ्या नवऱ्याला हे ठाऊक आहे, त्यामुळे तो आधीच सांगून टाकतो, "मेधा, चहा नकोय कुणाला."

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या इमारतीमागच्या कचऱ्याच्या डब्यांपाशी. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. नवऱ्याला गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून नुकते म्युनिकच्या पासिंग उपनगरात राहायला आलो होतो. मला काम करायचा परवाना नव्हता, त्यामुळे कचरा नेऊन टाकणं हा माझ्या दिवसातला एक महत्त्वाचा कार्यक्रम होता. तर तिथे पन्नाशीचे एक सावळे, बुटके गृहस्थ उभे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्याला माकडटोपी आणि हातात फुटक्या कुंडीचा तुकडा. तो त्यांनी बाहीला पुसला, उजेडात धरला आणि जिभेला लावला. मी जागच्या जागी थबकले. त्यांनी माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "भट्टी नीट तापली नव्हती. जिभेला असं चिकटलं की समजायचं, कच्चं आहे. पुण्याच्या का तुम्ही?"

मागून हाउसमायस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस, ओरडत आला की काच आणि माती एका डब्यात टाकायची नसते. सर त्याला शांतपणे "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत राहिले आणि तुकडा खिशात घालून घरी गेले. ते तळमजल्यावर राहायचे, आम्ही तिसऱ्या.

डॉ. दिगंबर सरवदे म्हणजे खापरांचा माणूस. गाव उस्मानाबाद जिल्ह्यातलं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी हे तेर मोठं व्यापारी शहर होतं. तिथून बैलगाड्यांनी माल समुद्रापर्यंत जायचा, जहाजांत भरायचा, वारा धरून तांबड्या समुद्राच्या बंदरांना लागायचा आणि तिथून रोमन लोकांच्या घरांत. इकडून कापड, मणी, हस्तिदंत, मिरे. तिकडून दारू, तांबं, काचेची भांडी. हे मी आज असं घडाघडा सांगते ते सरांमुळेच. शाळेत मला इतिहासात जेमतेम मार्क असायचे. "आमच्या रानात नांगरट झाली की जुनी खापरं वर यायची," ते सांगत. "आम्ही पोरं त्यांची लगोरी रचायचो. कळायला लागलं तेव्हा समजलं, आपण दोन हजार वर्षांवर चेंडू मारत होतो."

म्युनिकच्या एका संस्थेच्या तळघरात इजिप्तमधल्या एका जुन्या बंदराची खापरं पेट्यांत भरून पडली होती. वस्तू उचलून आणायला कुणाची मनाई नव्हती त्या काळात जर्मनांनी ती आणली, आणि मग पेट्या उघडायला कुणाला सवड झाली नाही. त्या पेट्या लावण्यासाठी सरांना बोलावलं होतं. प्रत्येक तुकडा धुवायचा, वाळवायचा, त्यावर शाईने बारीक नंबर घालायचा, माती बघायची, चित्र काढायचं. दिवसभर हे. संध्याकाळी एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, उतरले की त्यांच्या नखांत माती असायची. इतक्या स्वच्छ शहरात मातीची नखं घेऊन हिंडणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

एका गोष्टीचा मात्र त्यांना ध्यास होता. बंदरात हिंदुस्थानचा माल पोचला होता हे जगाला माहीत होतं. सरांना माल नको होता. त्यांना माणूस हवा होता. ते म्हणायचे, "आपल्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक लोकांनी, दान दिलेले खांब आहेत. नावानिशी कोरलंय. म्हणजे त्यांची माणसं आपल्याकडं आली, राहिली, बुद्धाला शरण गेली. मग आपली माणसं तिकडं गेली नसतील? गेली असतील, तर त्यांना कोण विचारतंय? पुस्तकांत सगळीकडं मिरे आणि मणी. मिरे काय चालत गेले का?"

मी एकदा विचारलं, "पण सर, माणूस गेला होता हे कशावरून कळणार?"

"स्वयंपाकाच्या मडक्यावरून," ते लगेच म्हणाले. "बघा मेधाताई, रांजण माल भरून जातो. चांगली थाळी विकायला जाते. पण खालून काजळी धरलेलं कालवणाचं मडकं कुणी विकत घेत नाही. ते माणूस स्वतःसाठी नेतो. परक्या मुलखात ज्याला आपल्या हातचं खायचं असतं, तो नेतो. मला त्या पेट्यांत आपल्याकडचं एक काजळी धरलेलं मडकं मिळू द्या. बास. आपला गडी सापडला."

आपला गडी. त्या अज्ञात माणसाला ते असंच म्हणायचे. जानेवारीत बर्फात पाय रुतवत दुकानातून येताना म्हणायचे, "आपल्या गड्याला एवढी थंडी नसेल लागली, वाळवंट होतं. पण पाण्याचे हाल असणार." बोलण्यात तो असा यायचा की वाटे, याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतोय आणि भाड्यावरून त्याचं घरमालकाशी वाजलंय.

मंडळात सर फारसे लोकप्रिय नव्हते, हेही सांगून टाकते. आज मान हलवणाऱ्यांतले निम्मे तेव्हा त्यांना टाळायचे. एकतर जेवायला बसले की प्रत्येक पदार्थाचं मूळ गाव सांगायचे. एका कार्यक्रमात कुणीतरी मोठ्या अभिमानाने मिसळ केली होती. "घ्या, आपली अस्सल, प्राचीन मराठी चव!" असं त्या बाई म्हणाल्या. सरांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "फार छान. पण प्राचीन नाही हं. यातला टोमॅटो परका, बटाटा परका आणि मिरची तर पोर्तुगीजांनी आणलेली. आपले पूर्वज तिखटाला मिरे वापरायचे. मिरची दिसली की समजायचं, भांडं अलीकडचं." बाईंचा चेहरा उतरला. नंतर कुणीतरी, बहुधा सूड म्हणून, गोड आवाजात विचारलं, "सरवदे म्हणजे तुम्ही मूळचे नक्की कोण?" परदेशात आलो म्हणून हा प्रश्न मागे सुटला असं समजायचं कारण नाही, तो सामानात नीट घडी घालून येतो. सर हसले. "मूळचे? कुठून सुरू करू? दोन हजार वर्षांपासून चालेल का?" आणि पुन्हा मिसळ वाढून घेतली.

कांताताई, त्यांच्या पत्नी, अशा वेळी नवऱ्याच्या कोटाची बाही हळूच ओढायच्या. उंच, हाडापेराने मोठी बाई, आवाज खणखणीत. जर्मन अजिबात येत नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती. खालच्या बेकरीत जाऊन बोट दाखवून मराठीत भाव विचारायच्या आणि बेकरीवाली त्यांना जर्मनमध्ये सांगायची. दोघींचं उत्तम चालायचं. त्यांच्याकडे तेरच्या कुंभाराने घडवलेलं एक मडकं होतं. संसार मांडला तेव्हा आईने दिलेलं, तिकडच्या चुलीवर वर्षानुवर्षं काळं झालेलं. म्युनिकला येताना त्यांनी ते मांडीवर घेऊन विमानप्रवास केला होता. विजेच्या शेगडीवर आधी तवा, तव्यावर मडकं, अशी त्यांची पद्धत. त्यात तिकडचा येसूर मसाला घालून लालभडक आमटी व्हायची. गाव सोडून आल्यावर इतकी चांगली आमटी मी कुठे खाल्ली नाही.

एका सकाळी ते मडकं शेगडीवर तडकलं आणि फुटलं. कांताताई ओट्याला टेकून रडल्या. सरांनी तुकडे गोळा केले, धुतले, बुटांच्या खोक्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी संस्थेत घेऊन गेले. तेरची आजची माती आणि जुन्या खापरांची माती शेजारीशेजारी ठेवून बघायची होती. "तेरणा नदीची माती बदलत नाही," ते म्हणाले. "तोच काठ, तीच चाळण, तोच हात."

कांताताई म्हणाल्या, "माझं मडकं आहे ते. कामाला लावायलाव, पण परत आणा."

तळघरातल्या प्रत्येक तुकड्यावर सर नंबर घालत. या तुकड्यांवर नाही घातला. बायकोच्या मडक्यावर कोण नंबर घालतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कांताताई बेकरीतच कोसळल्या. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रक्तदाब होता, तो कधी कुणी मोजला नव्हता. त्या बरेच दिवस रुग्णालयात होत्या आणि सर तिथे खुर्चीवर बसून. मला पुण्यात शिकलेलं जर्मन येत होतं आणि वेळच वेळ होता, म्हणून डॉक्टरांचं बोलणं मराठीत करून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि नवीन किडनीसाठी यादीत नाव. यादी लांब होती. सरांचं रक्त जुळत नव्हतं, लेकीची किडनी कांताताई घ्यायला तयार नव्हत्या. लेक लग्न होऊन लातूरला होती, पदरात लहान मूल. "तिचं काही काढायचं नाही," असं त्या एकदाच म्हणाल्या आणि डॉक्टरांनीही पुन्हा विचारलं नाही.

उपचारांचा सगळा खर्च क्रांकेनकासे, म्हणजे विमा, देत होता. विमा नोकरीवर होता, राहण्याचा परवानाही नोकरीवर होता आणि नोकरी पेट्यांवर होती. पेट्यांचं काम वर्षअखेरीस संपणार होतं. काम वाढवून मिळण्यासाठी काहीतरी मोठं सापडायला हवं होतं. हे सरांना कळत होतं, मला कळत होतं, आणि ज्यांना जर्मन येत नव्हतं त्या कांताताईंनाही नीट कळत होतं.

आणि सापडलं. रुग्णालयातून सुटी झाल्यावर सर कामावर गेले, आणि वाळवणाच्या तबकात बंदराच्या एका पेटीचा नंबर घातलेला, बाहेरून काजळी धरलेला, काठाचा तुकडा त्यांच्या हाती लागला. माती तेरणेची. त्यांनी जिभेला लावला. घरी आले ते धावतच. दार उघडं होतं, मी कांताताईंपाशी बसले होते. "कांता, गडी सापडला!" त्यांचे डोळे भरले होते.

पुढचे महिने त्या घरातले चांगले दिवस होते. संस्थेचे प्रोफेसर ब्रांट, उंच, कोरडा, हात मिळवताना फक्त बोटांची टोकं देणारा माणूस, तो चक्क घरी जेवायला आला आणि आमटी खाऊन घाम पुसत बसला. सरांनी संस्थेत व्याख्यान दिलं. मी आणि माझा नवरा मागच्या रांगेत होतो. सरांचं जर्मन खडबडीत, प्रत्येक वाक्याला "आल्झो", म्हणजे "तर", लावून सुरुवात. पण पडद्यावर तो काळा तुकडा आला आणि ते म्हणाले, "हे विकायला नेलेलं नाही. हे कुणाचं तरी जेवण आहे." मला त्या क्षणी सरांचा फार अभिमान वाटला. तीन वर्षांच्या नव्या कामाचा प्रस्ताव गेला. तीन वर्षं म्हणजे कांताताईंना यादीत वर सरकायला तीन वर्षं.

प्रस्तावाला जोड म्हणून तुकड्यात मुरलेल्या अन्नाची तपासणी करायचं ठरलं. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत त्याचा एक कोपरा गेला.

त्याचा निकाल आला त्या दुपारी मी कांताताईंच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. डायलिसिसचा दिवस नव्हता, त्यामुळे त्या जरा ताज्यातवान्या होत्या. सर अवेळी घरी आले. बूट न काढता आत आले. हा माणूस बूट घालून उंबरठा ओलांडत नसे. आमच्याकडे न बघता त्यांनी कपाटावरून, संस्थेतून परत आणलेलं ते बुटांचं खोकं काढलं, मडक्याचे तुकडे टेबलावर मांडले. मग कोटाच्या आतल्या खिशातून कापसात गुंडाळलेला तो नंबराचा तुकडा काढला. काठाचे दोन तुकडे शेजारी ठेवले, त्यांच्यामध्ये एक खाच होती. तुकडा खाचेला लावला. तो बसला. थोडाही हलला नाही.

कांताताई म्हणाल्या, "अहो, हे तर माझं मडकं."

"हो," सर म्हणाले. "मिरची निघाली."

मला समजायला वेळ लागला. प्रयोगशाळेने लिहिलं होतं: डाळ, चरबी, आणि मिरचीतल्या तिखट द्रव्याचा अल्प अंश; बहुधा हाताळताना लागलेला, दुर्लक्ष करावे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे मिरची नव्हती. म्हणजे तुकडा जुना नव्हता. सर रुग्णालयात बसलेले असताना खोक्यातला एक तुकडा तबकात राहून गेला, आणि या देशात बिननंबरची वस्तू कुणाला बघवत नाही, म्हणून विभागातल्या कुणीतरी अगदी नीटनेटकेपणाने शेजारच्या पेटीचा नंबर त्यावर घालून टाकला. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

"तुम्हाला ओळखू कसा नाही आला?" मी विचारलं. रागानेच विचारलं.

"आला नाही," ते म्हणाले. "मला गडी हवा होता. मी गडी बघितला."

मग मी बोलायला सुरुवात केली, आणि मला वाटतं आयुष्यात इतक्या पोटतिडकीने मी कधी बोललेली नाही. मी म्हटलं, त्यांनीच लिहिलंय दुर्लक्ष करावे, तर करा दुर्लक्ष. कुणाला कळणार आहे? तुमचं म्हणणं चुकीचं आहे का? नाही. गडी गेला होता की नाही? गेला होता. तो तुकडा नाहीतर दुसरा, पुढे सापडेलच. तीन वर्षं घ्या, शोधा, मग सांगा. तुम्ही कुणाला लुबाडत नाही आहात. आणि त्यांच्याकडे बघा जरा, मी कांताताईंकडे बोट दाखवून म्हटलं.

सर बघत होतेच. मग म्हणाले, "कांता, तू सांग. तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही."

कांताताईंनी मेथीची जुडी बाजूला केली. त्यांच्या दंडावर सुयांनी काळंनिळं झालेलं होतं, तिथे पदर ओढला. "तुम्ही मला विचारायलाव म्हंजे तुमचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "न ठरता तुम्ही कधी काय विचारलंय?" मग म्हणाल्या, "आणि माझ्या आईनं दिलेलं मडकं लोकाचं म्हणून पुस्तकात छापू नका. माझं ते माझं म्हणा."

हे ऐकून लोक हेलावतात. मी तिथे होते, म्हणून सांगते, त्या चिडून बोलल्या होत्या. जी बाई स्वतःसाठी लेकीची किडनी घेत नाही, तिला नवऱ्याने असा प्रश्न विचारायचाच नसतो. "नको" म्हणायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. माझा राग आहे तो इथे. खरं बोलल्याबद्दल नाही. ते ओझं त्यांनी तिच्या पदरात टाकलं त्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सरांनी प्रोफेसरांच्या टेबलावर तुकडे जोडून दाखवले. ब्रांटनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, आणि पहिल्यांदाच पूर्ण हात पुढे करून हात मिळवला. "रेस्पेक्ट," म्हणाले. प्रस्ताव मागे घेतला गेला. वर्षअखेरीस करार संपला. सरांनी हाइडेलबर्गपासून बर्लिनपर्यंत सगळीकडे अर्ज केले, पण जाहीर व्याख्यान देऊन नंतर शोध मागे घेतलेला पन्नाशीपुढचा माणूस कुणाला हवा होता? आउसलेंडरबेह्योर्डेत, म्हणजे परक्यांच्या कचेरीत, मी त्यांच्याबरोबर गेले. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी काही महिने वाढवून दिले. पुढचं त्यांच्या हातात नव्हतं, असं त्या पुन्हापुन्हा म्हणाल्या.

त्या महिन्यांत डायलिसिसला नेणाऱ्या टॅक्सीत मी कांताताईंच्या शेजारी बसायचे. एकदा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मेधा, सगळे मला म्हणायलेत, तुम्ही लई धीराच्या. मला भ्या वाटतंय गं. तेरात असली मशीन नाही. उस्मानाबादेत पण नाही." मी त्यांचा हात धरला. तो हात कायम गार असायचा.

ते परत गेले. मशीनसाठी सोलापुरात खोली घेऊन राहिले. आठवड्याला तीनदाचं दोनदा झालं, मग कधी वीज नाही, कधी मशीन बंद. वर्षाच्या आतच लेकीचा लातूरहून फोन आला की आई गेली. सरांशी बोलायचं का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. पलीकडून ते म्हणाले, "मेधाताई, जेवलात का?" त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. ते कुठल्यातरी कॉलेजात तासावर शिकवतात, असं कुणीतरी सांगितलं. गड्याचा शोध पुढे लागला की नाही ते मला माहीत नाही.

मला ते आठवतात ते म्युनिकच्या विमानतळावर, निघण्याच्या दिवशी. कांताताई चाकाच्या खुर्चीत, अंगावर माझा लोकरी कोट. सामान तोलून झालं होतं, आणि सर म्हणाले, "जरा कस्टमच्या खिडकीशी जाऊन येऊ." मी म्हटलं, कशाला? कुणी काही विचारलंय का? "नाही. पण खापरं नेतोय. उद्या कुणी म्हणायला नको, संस्थेची नेली." हा माणूस सुधारणार नव्हता. मी पाय आपटत त्यांच्या मागे गेले.

खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यापुढे त्यांनी ते बुटांचं खोकं उघडलं. प्रोफेसरांनी दिलेला कागद पुढे केला: आधुनिक, शास्त्रीय मूल्य नाही. अधिकाऱ्याने तुकडे बघितले, कागद बघितला, कांताताईंकडे बघितलं.

"किती जुनं आहे?" त्याने विचारलं.

ज्यांनी जन्मभर नुसत्या काठावरून शतकं सांगितली, ते सर उत्तर देईनात.

"काय म्हणायलाय तो?" कांताताईंनी मला विचारलं. मी सांगितलं. "मग सांगा की त्याला," त्या म्हणाल्या, "आमच्या संसाराइतकं."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. त्याने मान हलवली आणि खोक्याचं झाकण स्वतःच हलक्या हाताने लावलं.

झाकण लागता लागता मला दिसलं की प्रत्येक तुकड्यावर आता बारीक शाईने नंबर घातलेला आहे, सरांच्या अक्षरात. आणि हेही दिसलं की काठाच्या दोन तुकड्यांमधली खाच रिकामी आहे. मी म्हटलं, "सर, तो कुठाय?"

"घरामागं," ते म्हणाले. "कचऱ्याच्या डब्यांच्या पलीकडं, झाडाखाली. हातभर खोल पुरलाय."

"मीच म्हणाले, ठेवा एक," कांताताई म्हणाल्या. "आम्ही पण इथं रांधून खाल्लंय की."

"आणि त्याच्यावरचा तो चुकीचा नंबर?"

"घासून काढला."

"मग तुमचा नवा घातलात?"

सरांनी खोकं कांताताईंच्या मांडीवर ठेवलं, त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. "नाही," ते म्हणाले. "आपल्या गड्यानं तरी कुठं घातला होता?"

मग त्यांनी माकडटोपी नीट केली आणि खुर्ची ढकलायला लागले. काचेच्या दारापलीकडे गेल्यावर कांताताईंनी मागे वळून बघितलं. सरांनी नाही बघितलं. त्यांची मान खाली होती आणि खांदे हलत होते. मी ओरडून काहीतरी म्हणाले, पण दार बंद झालं होतं.

आम्ही अजून त्याच इमारतीत राहतो. कचरा टाकायला मीच जाते.